न वाजवलेली सुपारी

आधी एक गोष्ट नीट सांगून टाकतो. मी वाजवतो ती क्लॅरोनेट. पिपाणी नव्हे. इंदापुरापासून बारामतीपर्यंत असं एक गाव नसेल, जिथं मला कुणी ना कुणी ‘ओ पिपाणीवाले, जरा बाजूला सरका’ म्हटलं नसेल. मी सरकतो. पण मनात म्हणतो, बाबा रे, तुझ्या लग्नात मी नसतो तर घोड्यावर बसून तू किराणा आणायला निघाल्यासारखा दिसला असतास.

आमचं ब्रास बँड पथक. नाव सांगत नाही, अंकात फुकट जाहिरात केली म्हणून संपादक रागावतील. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्यावर तुऱ्याची टोपी. लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात, आणि कोट जाड लोकरीसारखा. त्या कोटात मी इतका घाम गाळलाय की तेवढ्या पाण्यावर एकरभर ऊस निघाला असता. आता डीजे आला, बँजो आला, आणि आम्ही उरलो हौसेपुरते. तरी गिऱ्हाईक असं भेटलं की सांगायची सोय नाही.

वरकुट्याच्या एका शेतकऱ्यानं बोअरला बँड लावला होता. पाणी लागलं की वाजवायचं, असं ठरलेलं. पण त्याला धीर कुठला! मशीन सुरू झालं तसं म्हणाला, “वाजवा, म्हंजी पानी लौकर वर यील.” आम्ही वाजवतोय, मशीन पांढरी भुकटी उडवतंय, आणि दुपारपर्यंत सगळं पथक पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखं. पाणी शेवटी लागलं, आणि पहिला फवारा आमच्या ढोलावर आला.

लोणी देवकरच्या एका कारखान्यातला कामगार निवृत्त होणार होता. घरच्यांनी सांगितलं, गेटावरून वाजवत घरी आणा. शिफ्ट सुटली, एक माणूस बाहेर आला, आमच्या ढोलवाल्या पोपटनं त्याच्या गळ्यात हार घातला आणि आम्ही निघालो. माणूस काय नाचला! येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडले. फाट्यावर आल्यावर मात्र हळूच मला म्हणाला, “मास्तर, माजं घर हिकडं हाय. मी हितनं वळू का?” खरा निवृत्त बिचारा पिशवी घेऊन गेटावरच उभा. “अरे, हार घातला तेव्हाच का बोलला नाहीस?” तर म्हणतो, “पुन्यांदा कोन घालनार हाय मला?”

लोकांना वाटतं बँडवाल्याचं काम म्हणजे वाजवणं. अर्धं काम थांबण्याचं आहे. आमचे वस्ताद सूर चुकला तर नुसते बघायचे, पण थांबायचं चुकलं तर कानाखाली वाजवायचे. दवाखाना आला, थांब. अजान सुरू झाली, थांब. शाळेत परीक्षा चालली, थांब. आणि सगळ्यात मोठं थांबणं दुखवट्याच्या घराचं. ज्या घरात कुणी गेलंय त्याच्या दारावरून वरात नेताना मास्तरनं क्लॅरोनेट तोंडातून काढून मांडीला लावायची आणि डावा हात वर करायचा. खूण झाली की ढोल, झांज, ट्रम्पेट जागच्या जागी गप. टोप्या काखेत, माना खाली, आणि घर मागं पडेपर्यंत चालही हळू. मग नवरदेव कितीही मोठ्या बापाचा असो. आमच्या भागात शेंबड्या पोराला पण हे कळतं की बँड ज्या दारावरून मुका गेला, त्या घरात मयत झालंय.

एवढं ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

मी राहतो इंदापुरात, चिंचेच्या गल्लीत. चिंच कधीच तोडली, नाव राहिलं. गल्लीच्या कोपऱ्यावर समाजमंदिराची खोली, तिच्यात अंगणवाडी, आणि अंगणवाडीच्या दाराला चिकटून उकिरडा. आता कुणी म्हणेल, घंटागाडी येत नव्हती का? येत होती की, रोज सकाळी. पण नळाला पाणी नेमकं त्याच वेळी यायचं. पाणी सोडून कचऱ्याची बादली घेऊन कोण धावतंय! गाडी गाणं म्हणत यायची, गाणं म्हणत रिकामी जायची, आणि हंडे भरून झाले की सगळी गल्ली बादल्या घेऊन कोपऱ्यावर.

अंगणवाडीच्या प्रज्ञाताई रोज सकाळी तोंडाला पदर लावून दारापुरतं झाडून काढायच्या. त्या उकिरड्यावर डुकरं, कुत्री, माश्या. पोरांच्या खिचडीच्या ताटात माशी बसू नये म्हणून एक हात कायम पंख्यासारखा हलता. शेवटी वरच्या मॅडम तपासणीला आल्या, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि सांगितलं की पुढच्या भेटीला हा ढीग दिसला तर अंगणवाडी इथून हलवणार, हायवेच्या पलीकडं एक खोली बघून ठेवलीय. हायवेच्या पलीकडं! तीन-चार वर्षांची लेकरं, आया सकाळीच निवडणीला, तोडणीला गेलेल्या. कोण त्यांना रस्ता ओलांडून देणार? अंगणवाडी तिकडं गेली असती तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची शाळा सुरू व्हायच्या आधीच सुटली असती. त्यात माझी नातही होती.

मग गल्ली सुधार समिती झाली. अध्यक्ष तात्या. तात्या एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले तरी मीटिंगमध्ये उशिरा आलेल्याला अजून ‘म्होरं सरका, मागं जागा करा’ म्हणतात. तात्यांनी आधी पाटी लावली, तर पाटीच्या खिळ्याला लोक कचऱ्याच्या पिशव्या अडकवायला लागले. मग भिंतीला देवादिकांच्या फरशा बसवल्या. लोक सश्रद्ध. फरशीला हात जोडायचे, जरा डावीकडं सरकायचे आणि टाकायचे. तेव्हा एके दिवशी तात्या माझ्याकडं सुपारी घेऊन आले.

“लग्न कुणाचं?” मी विचारलं.

“उकिरड्याचं,” तात्या म्हणाले. “मास्तर, जो कोन कचरा टाकताना घावंल, त्याच्या दारात दुसऱ्या दिशी बँड लावायचा. चारचौघांत इज्जत गेली पायजे. लाज वाटंल असं कायतरी वाजवा.”

“तात्या, असलं गाणं नसतं. लग्न, बारसं, जत्रा, गणपती. आमच्याकडं सगळा माल आनंदाचा.”

“मग बेसूर वाजवा.”

मागून पोपट म्हणाला, “म्हंजी नेहमीचंच की.”

पोपटचं मी मनावर घेत नाही, त्याला एकच काठी नीट मारता येते. पण मुद्दाम बेसूर वाजवणं लई अवघड आहे हो. आम्ही दोन दिवस सराव केला. ट्रम्पेट एका गाण्यात, मी दुसऱ्यात, ढोल तिसऱ्याच लग्नात. शेजारची म्हातारी ऐकायला येऊन बसली आणि म्हणाली, “आज ग्वाड वाजवताय रं पोरांनो.” मी क्लॅरोनेट पुसून ठेवली आणि ठरवलं की आपण आपलं सुरात वाजवायचं, लाज ज्याची त्यानं आणावी.

पहिला सापडला एक रिक्षावाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या दारात पोचलो आणि वाजवायला सुरुवात केली. रिक्षावाला चड्डीवर बाहेर आला, बघितलं, आत पळाला. तात्यांनी मिशीला ताव दिला. “बगा, लाजला.” पण तो आत गेला होता पँट घालायला. तेवढ्यात त्याची आई औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली. दारात वाजंत्री आली म्हणजे शुभ, मग ओवाळायला नको? तिनं मला ओवाळलं, पोपटला ओवाळलं, क्लॅरोनेटला कुंकू लावलं, तात्यांच्या हातावर साखर ठेवली. शेजारणी धावत आल्या. “काय झालं वं? पोरगा पास झाला का?” म्हातारीलाही ठाऊक नव्हतं काय झालं, पण ती म्हणाली, “व्हय व्हय, झालं की समदं चांगलं.” लगेच कुणीतरी रिक्षावाल्याच्या खांद्यावर टॉवेल टाकून नारळ दिला. तात्या ओरडून सांगत होते, “आवं, ह्यानं कचरा टाकलाय!” पण ढोलापुढं कंडक्टरचा आवाज किती पुरणार! शेवटी त्यांनी पोपटची काठीच धरली, तेव्हा कुठं आमचं वाजवणं अर्ध्यात थांबलं.

दुसऱ्या दिवशी उकिरडा दुप्पट झाला.

आपल्याकडं एकाच्या दारात बँड वाजला आणि दुसऱ्याच्या दारात नाही, हे चालत नाही. ज्यांचा कधी अपमान झाला नव्हता तेही कचरा घेऊन कोपऱ्यावर आले. एक बाई तर मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, “मास्तर, सुनंला आनली तवा बँड लावायचा ऱ्हायला. उद्या सकाळी आमी बादली टाकतो. तेवढं आमच्या दारात बी वाजवा, आन् जरा नाचायजोगं.” दुसऱ्या एकानं पोरीच्या हळदीच्या आदल्या दिवशी टोपलंभर कांद्याची टरफलं टाकली आणि वर तात्यांना स्वतः फोन करून कळवलं. समितीची सुपारी, त्याची हळद. काय म्हणावं ह्या माणसांना!

मला वाईट वाटलं असं खोटं सांगत नाही. बऱ्याच वर्षांनी रोज काम मिळत होतं. पण एका शुक्रवारी संध्याकाळी प्रज्ञाताई घरी आल्या.

ताईंच्या घरचं आणि वाजवण्याचं जरा वेगळं होतं. त्यांच्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला त्या दिवशी हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच; पुन्हा कुणाच्या दारात मानाचं म्हणून वाजवणार नाही म्हणाले. त्यामुळं ताई बँडकडं लांबूनच बघायच्या. दारात उभ्या राहून “जय भीम, मास्तर” म्हणाल्या, मी “जय भीम, या की” म्हटलं, तरी आत आल्या नाहीत.

“मास्तर, तुमचा बँड बगून पोरं लई खूश हायत. रोज ताटल्या वाजवत्यात. पन सोमवारी मॅडम येनार हायत. ह्या खोलीत माज्याकडं शिकलेल्या पोरी आता आपली लेकरं घिऊन येत्यात वं. मंगळवारपास्नं मी हायवेच्या पल्याड बसायचं आन् ही लेकरं हितं उकिरड्यावर खेळायची. तुमी वाजवा खुशाल.”

ओरडल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. त्या हळू बोलल्या, आणि मला भाकरी गोड लागली नाही. मी तात्यांकडं गेलो. म्हटलं, हे बंद करा. तात्या म्हणाले, शनिवारचं एकच दार राहिलंय, तेवढं होऊ द्या, कारण ते दार किसनआबांचं होतं.

किसनआबा म्हणजे गल्लीतलं मोठं घर. डाळिंबाची बाग, शेवग्याचं रान, दारात ट्रॅक्टर. बागेतला माल घरामागच्या शेडात निवडायचे, आणि तडकलेली, डाग पडलेली डाळिंबं क्रेटनं कोपऱ्यावर. उकिरड्याचा निम्मा भाग, आणि माश्या तर सगळ्याच, आबांच्या. ताईंनी एकदा विचारलं होतं की आबा, ट्रॅक्टर हाय की दारात, लांब रानात खड्डा करून टाका. आबा चकित झाले. “ट्रॅक्टरात कचरा? अगं, दसऱ्याला हार घालतो आमी तिला. लक्षुमी हाय ती.” माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या घरातून बाहेर गेलेली वस्तू जगातून गेली, असं त्यांचं मत होतं.

आता आबांच्याच दारात बँड आला नव्हता, म्हणजे केवढी नामुष्की! शुक्रवारी त्यांनी दिवसाढवळ्या, घसा खाकरत, लोकांना हाका मारत तीन क्रेट नासकी डाळिंबं कोपऱ्यावर ओतली. आणि मला निरोप धाडला की आमच्या दारात वरातीचं वाजवा, आणि पुरं वाजवा, रिक्षावाल्याच्या दारात अर्ध्यात थांबलात तसं नको.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडापासून वाजवत चाललो होतो. आबा ओसरीवर फेटा बांधून, हात मागं घेऊन उभे. आता क्लॅरोनेटच्या तोंडाशी एक बोरूची पत्ती असते, बोटाच्या पेराएवढी. सगळा आवाज तिचा. मी नुसता फुंकणारा. ती पत्ती नेमकी आबांच्या दाराआधी तडकली. बदकाला चिमटा काढल्यासारखा आवाज आला. मी घाबरून क्लॅरोनेट खाली घेतली, मांडीला लावली, आणि मागच्यांना ‘जरा थांबा रे’ म्हणून डावा हात वर केला.

झालं! ढोल गप. झांज गप. मी मागं वळून बघतो तर सगळ्या टोप्या काखेत आणि माना खाली. वस्तादांची शिकवण रक्तात भिनलेली. पोपट तर गहिवरून डोळेसुद्धा पुसत होता, त्याचं आबांवर प्रेम. तोंडातून शब्द काढायची सोय राहिली नाही. मुक्यानं, हळू पावलांनी आम्ही आबांच्या दारावरून, खुद्द आबांच्या समोरून निघालो.

आबांनी आमच्याकडं बघितलं. मग वळून आपल्या घराकडं बघितलं. चेहऱ्याचा रंग उडाला. “अगं ए,” ते आत ओरडत गेले, “घरात समदी हायत का? कोन गेलं?”

आत त्यांच्या पत्नी पारूआक्का भाकरी थापत होत्या. दारात बँड मुका झालाय आणि नवरा ‘कोन गेलं’ म्हणतोय! आक्कांचा भाऊ शेळगावला, हप्ताभर तापानं आजारी. आक्कांना वाटलं, भाऊ गेला आणि हे माझ्यापासून लपवतात. त्यांनी हंबरडा फोडला. समोरच्या बायकांनी आधी मुका बँड बघितला, मग आक्कांचा हंबरडा ऐकला. त्यांनी डोक्यावर पदर घेतले आणि एकीनं घरात तोंड घालून सांगितलं, “आवं, किसनआबा गेलं.”

मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून पत्ती बदलत होतो, तोवर समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आबांचा फोटो आला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा, काळा गॉगल लावलेला. धडाधड हात जोडलेली चित्रं पडायला लागली. त्यात एक जोडलेले हात खुद्द आबांचे होते. आबा ग्रुपवर काहीही आलं की वाचायच्या आत हात जोडतात, सवयच आहे.

“मी जाऊन सांगतो, चूक झाली,” मी उठलो.

तात्यांनी माझ्या कोटाचा झुपका धरून खाली बसवलं. “गप बसा मास्तर. कदीमधी कायतरी बराबर होतंय तुमच्याकडनं.”

वरकुट्याला आबांची लेक दिलेली. तो फोटो फिरत फिरत तिच्याकडं पोचला, तसा तिनं आईला फोन लावला. पलीकडून आईचं रडणं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. आता अजून काय विचारायचं? थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी बोलेरो येऊन थांबली. आत यायला वाट होती, पण कोपऱ्यावर उकिरडा इतका पसरलेला की गाडी वळेना. बायका तिथंच उतरल्या आणि रडत चालत निघाल्या. पुढं लेक, मागं तिची सासू, म्हणजे आबांची विहीणबाई. जाडजूड, करारी बाई, नव्या इरकली लुगड्यात. रडताना डोळे मिटलेले, आणि पायाखाली आबांची तीन क्रेट डाळिंबं. विहीणबाई घसरल्या त्या थेट ढिगात बसल्या. तुऱ्याच्या टोपीआड मी डोळे मिटून घेतले. पोपटनं मिटले नाहीत, म्हणून पुढचं मला त्यानं सांगितलं: कमरेपर्यंत लालभडक आणि वर माश्यांचं छत्र.

तेवढ्यात मागून शेळगावचा ट्रॅक्टर आला. फोटो तिकडंही पोचलेला, म्हणून आक्कांचा भाऊ ताप विसरून निघाला होता. ट्रॉलीत गोवऱ्या, लाकडं, चार बांबू, आणि दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठलं. बरोबर खांदा द्यायला भावकीतली पाच-सात धट्टीकट्टी माणसं, टॉवेल खांद्यावर टाकून.

लेक रडत ओसरीवर चढली तर आबा समोर उभे. ती किंचाळली. आक्का बाहेर आल्या तर समोर भाऊ उभा. त्या किंचाळल्या. भावानं आबांना बघितलं आणि भाकरीचं फडकं खाली पडलं. “दाजी, तुमी जिते हाय?”

“न्हाय तर काय!” आबा ओरडले. “कुनी मारलं मला?”

सगळी गल्ली आमच्याकडं बघायला लागली. मी टोपी घालून सावधान उभा राहिलो. पण तोवर विहीणबाई उठल्या होत्या. लुगडं झटकत त्या ओसरीसमोर आल्या.

“हा उकिरडा कुनाचा?” त्यांनी विचारलं.

जावयाच्या आईसमोर कोण बोलणार? शेवटी प्रज्ञाताई अंगणवाडीच्या दारातून म्हणाल्या, “थोडा समद्यांचा हाय. डाळिंबं आबांची.”

विहीणबाईंनी आबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. फेटा, मिशा, पांढरंशुभ्र धोतर. “व्याही,” त्या म्हणाल्या, “मेला असता तर आमी रडून गेलो असतो. आता जिते हायसा तर एवढं तरी उचला.”

आबांनी आयुष्यात बँकेचं, पुढाऱ्याचं, पोरांचं कुणाचं ऐकलं नाही. पण व्याह्यांपुढं मान खाली जाण्यापेक्षा मराठी माणसाला मरणही परवडतं. त्यांनी फेटा काढून आक्कांच्या हातात दिला आणि शेडातून खोरं घेऊन आले. आबांनी खोरं धरलं म्हटल्यावर बाकीचे उभे राहून काय बघणार? शेळगावच्या ट्रॉलीतून आबांच्या सरणाच्या गोवऱ्या खाली उतरल्या आणि तिच्यात उकिरडा चढायला लागला. खांदा द्यायला आलेली माणसं टोपली द्यायला लागली. रिक्षावाला आला, त्याची आई आली, हळदीवाला आला, सुनेसकट सासू आली. ट्रॉली भरली तरी ढीग उरला, तेव्हा आबा आपल्या ट्रॅक्टरकडं बघत उभे राहिले. मग तिला हात जोडले, “माफ कर गं बाई” म्हणाले, आणि आपली ट्रॉली जोडली.

आम्ही काय करत होतो? वाजवत होतो की. पत्ती बदलली होती, सुपारी घेतलेली होती, आणि खोऱ्याला ताल लागतो. दुपारी सगळ्यांनी तिथंच बसून मयताच्या भाकरी आणि पिठलं खाल्लं. मयतानं स्वतः वाढलं.

सोमवारी मॅडम आल्या. कोपरा बघितला, मागं जाऊन गल्लीची पाटी पुन्हा वाचली, आणि ताईंना विचारलं, “हीच ना ती?” अंगणवाडी राहिली. पुढं तात्यांनी वर अर्ज-विनंत्या करून पाण्याची वेळ बदलायला बघितली, ती काही बदलली नाही. मग गल्लीनंच आपसात ठरवलं. ज्याच्या नळाला पाणी चालू, त्यानं बादली दाराशी ठेवायची. ज्याचं भरून झालं त्यानं शेजाऱ्याची बादली घंटागाडीत रिकामी करायची. अजून तसंच चालतं. भांडणं होतात, बादल्या बदलतात, एकीची निळी बादली आजतागायत सापडलेली नाही. पण कोपरा स्वच्छ आहे. आबा संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसायचे, आणि कुणी पिशवी घेऊन घुटमळताना दिसलं की म्हणायचे, “टाक बाबा. मास्तरला सांगतो, उद्या तुज्या दारावरनं मुका जाईल.” माणूस पिशवीसकट पळायचा.

मी लग्नात, जत्रेत जन्मभर वाजवलं, त्याचं कुणी नाव काढत नाही. एकदा वाजवलं नाही, ते बारामतीपर्यंत सांगतात. कलाकाराला हे किती लागतं हे पिपाणी म्हणणाऱ्यांना नाही कळायचं.

आबा खरोखर गेले ते गेल्या वर्षी, झोपेतच, पहाटे. त्यांच्या पोरानं आबांच्याच फोनवरून ग्रुपवर कळवलं, तर खाली उत्तरं आली: ‘आबा, सकाळी सकाळी चेष्टा नको.’ शेळगावच्या मामांनी तर ‘ह्या बारीला भाकरी तुमीच आना’ म्हणून फोन ठेवला. पोरगा माझ्या दारात आला. रडतही होता आणि हसूही येत होतं त्याला. “मास्तर, कुनी इस्वासच ठिवंना. तेवढं कोट घालून गल्लीतनं गप चालत जावा.”

आम्ही कोट घातले. टोप्या काखेत घेतल्या, आणि गल्लीच्या तोंडापासून मुक्यानं चालत निघालो. एकेक दार उघडत गेलं. हातातल्या बादल्या खाली ठेवून माणसं मागं चालायला लागली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, हे सांगायला लाज नाही.

आबांच्या दारात पारूआक्कांनी मला अडवलं. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. “मास्तर, थांबा. त्यांनी सांगून ठिवलंय. मी जिता असताना मुका गेला, आता मेल्यावर तरी वाजव म्हनावं. वरातीचं. आन् पुरं वाजव म्हनाले, अर्ध्यात न्हाय.”

मी पोपटकडं बघितलं. त्यानं ढोल चढवला. मी क्लॅरोनेट तोंडाला लावली आणि वरातीचं सुरू केलं. पहिले दोन सूर कापले, मग लागले. तेवढ्यात अंगणवाडीचं दार उघडलं आणि आतून सगळी पोरं धावत आली. बँड वाजला की नाचायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ताई मागून धावल्या, “अरे थांबा, असं न्हाय करायचं,” म्हणत एकेकाचा हात धरायला लागल्या. आबांच्या लेकीला घेऊन आलेल्या विहीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, “नाचू दे गं त्यास्नी. व्याह्यांनी कोपरा साफ केला तो कुनासाठी?”

पोरं नाचली. आम्ही पुरं वाजवलं.